डोरेमॉनचे मराठी प्रेक्षक : मुलांच्या वाहिन्यांना खुले पत्र

देवणी, जि. लातूर

प्रति,
परदेशी कार्टून मालिका भारतात दाखवणाऱ्या मुलांच्या वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, डबिंगप्रमुख आणि जाहिरात विभाग यांस,



‘डोरेमॉन’ ही बाविसाव्या शतकातून विसाव्या शतकात आलेल्या एका यंत्रमांजराची गोष्ट आहे. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणारे हिरोशी फुजिमोतो यांची ही चित्रकथा १९६९च्या डिसेंबरात जपानी बालमासिकांतून सुरू झाली. १९७३मध्ये तिच्यावर पहिली दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि काही महिन्यांतच बंद पडली. १९७९मध्ये सुरू झालेली दुसरी मालिका मात्र २००५पर्यंत चालली, आणि त्याच वर्षी सुरू झालेली तिसरी अजून चालू आहे. भारतात हिंदी आवाजातला डोरेमॉन ‘हंगामा टीव्ही’वर आला तोही २००५मध्येच. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुले आता नोकरीला लागली आहेत, काहींची लग्ने झाली आहेत, आणि त्यांची मुले तीच मालिका, त्याच भाषेत पाहू लागली आहेत.

घरोघरी या मालिकेची गणना ‘कार्टून’ या एकाच खात्यात होते, त्यामुळे ती विज्ञानकथा आहे हे कोणी म्हणत नाही. वास्तविक तिचा पायाच काळप्रवासाचा आहे. नोबिता हा अभ्यासात, खेळात, भांडणात सगळीकडे मार खाणारा मुलगा मोठेपणी कर्जबाजारी होतो आणि ते कर्ज पुढच्या पिढ्यांच्या मानगुटीवर बसते. म्हणून काही पिढ्यांनंतरचा त्याचा वंशज सेवाशी एका यंत्रमांजराला भूतकाळात धाडतो. काळयंत्र ठेवलेले असते नोबिताच्या अभ्यासाच्या मेजाच्या खणात. मांजराच्या पोटावरच्या खिशातून निघणारी प्रत्येक वस्तू भविष्यातल्या तंत्रज्ञानाची, आणि गोष्टीचा सांगाडा जवळजवळ दर वेळी एकच: वस्तू मिळते, सोय होते, हाव सुटते, वस्तू उलटते. विज्ञानकथेच्या मोठ्या लेखकांनी कादंबरीभर मांडलेले हे सूत्र इथे अकरा-बारा मिनिटांत उरकते.

मालिकेच्या चाहत्यांनी तिच्या बारकाव्यांचा जो छडा लावला आहे तोही विज्ञानकथेच्या वाचकांना शोभणारा आहे. डोरेमॉनचा जन्म ३ सप्टेंबर २११२चा, उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो. उंचीचा आकडा त्या काळच्या जपानमधल्या चौथीच्या मुलांच्या सरासरी उंचीवरून घेतलेला, म्हणजे बघणाऱ्या मुलाला मान वर करावी लागू नये. कावासाकी शहरातले फुजिको एफ. फुजिओ संग्रहालय २०११च्या ३ सप्टेंबरला उघडले, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला, जन्माला शंभर वर्षे शिल्लक असताना, त्या शहराने डोरेमॉनला आपला खास रहिवासी करून घेतले. चाहत्यांच्या हट्टाला नगरपालिकेने दिलेला हा मान आपल्याकडच्या नगरपंचायतींना कळायला जरा जड जाईल.

देवणी आणि आसपासच्या गावांत या मालिकेचा प्रतिसाद पाहायचा तर मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर पाहावा. खिचडी खाऊन ताटल्या धुऊन झाल्या की खेळ सुरू होतो. एक पोरगा सदऱ्याचे टोक दोन्ही हातांनी धरून पोटाशी खिसा करतो. खिशात बाटलीचे झाकण, वहीच्या पानाची गुंडाळलेली नळी, तुटक्या कंपासपेटीतला कर्कटक. प्रत्येक वस्तू वर काढताना तो तिचे नाव मोठ्याने सांगतो, आणि ते सांगणे हिंदीत असते. झाकण डोक्यावर ठेवले की उडायचे, नळीतून पाहिले की समोरचा लहान व्हायचा. वर्गातला आडदांड गडी जियान होतो, नवे दप्तर मिरवणारा सुनियो होतो, चष्मेवाल्याला तर विचारतही नाहीत, तो नोबिताच. संवाद सगळे हिंदीत चालतात. गुडघा फुटला की मात्र रडणे आणि शिव्या अस्सल देवणीच्या.

खेळापलीकडे मुले वादही घालतात, आणि ते वाद सोपे नसतात. नोबिताचे लग्न ठरल्याप्रमाणे जियानच्या बहिणीशी न होता त्याची मैत्रीण शिझुका हिच्याशी झाले, तर सेवाशी जन्मेल कसा? तो जन्मलाच नाही तर डोरेमॉनला पाठवले कोणी? फुजिमोतो यांनी मूळ चित्रकथेच्या पहिल्याच प्रकरणात याला उत्तर देऊन ठेवले आहे: ओसाकाला जायला वाहने अनेक असतात, कोणत्याही वाहनाने गेले तरी माणूस ओसाकालाच पोचतो. लातूरहून पुण्याला एसटीने गेले काय नि रेल्वेने गेले काय, तसे. उत्तर पटण्यासारखे आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कार्यकारणभावाचे असे कोडे घालणारी दुसरी मालिका कोणत्या वाहिनीवर असते, हे शोधावे लागेल.

शेवटाबद्दलच्या अफवा हा चाहत्यांच्या प्रतिसादाचा आणखी एक प्रकार. नोबिता दवाखान्यात बेशुद्ध पडला आहे आणि डोरेमॉन हे सगळे त्याचे स्वप्न आहे, ही वदंता जपानमध्ये फार जुनी. ती आपल्याकडेही आली आहे आणि शाळेच्या रिक्षांमधून फिरते. वस्तुस्थिती अशी की फुजिमोतो २३ सप्टेंबर १९९६ रोजी वारले, आणि त्यांनी मालिकेला कायमचा शेवट लिहिला नाही. मासिकांतल्या वार्षिक चक्रामुळे निरोपाच्या गोष्टी त्यांनी १९७१, १९७२ आणि १९७४च्या मार्चमध्ये लिहिल्या होत्या. १९७४च्या निरोपानंतर पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परत आला. शेवट नाही म्हटल्यावर चाहत्यांनी तो स्वतः लिहिला. बॅटरी संपून निपचित झालेल्या डोरेमॉनला पुन्हा सुरू करण्यासाठी नोबिता अभ्यासाला लागतो आणि यंत्रमानवांचा मोठा शास्त्रज्ञ होतो, असा शेवट एका जपानी चाहत्याने २००५मध्ये चित्रकथेच्या रूपात छापला. त्याच्या हजारो प्रती खपल्या. अखेर मूळ प्रकाशकाने हरकत घेतली आणि २००७मध्ये त्या चाहत्याला माफी मागावी लागली. कायद्याने प्रकाशकाची बाजू बरोबर होती, पण गोष्ट चाहत्याची सरस होती. ती आजही सांगोवांगी मूळ म्हणूनच सांगितली जाते.

लातूर जिल्ह्यात नोबिता लाडका का, याचे कारण वेगळे शोधायला नको. हा जिल्हा ‘लातूर पॅटर्न’साठी ओळखला जातो. दहावी-बारावीच्या गुणवत्तेची, पुढे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेण्याची ही पद्धत एवढी नावाजली की राज्यभरातून मुले लातूरला खोल्या करून राहू लागली. देवणी, उदगीर, निलंगा, अहमदपूर या तालुक्यांतल्या घरांत पाचवीपासूनच टक्केवारीची भाषा सुरू होते. अशा जिल्ह्यात रोज संध्याकाळी पडद्यावर एक मुलगा उत्तरपत्रिकेवरचे शून्य लपवत घरी येतो, आईची बोलणी खातो, रात्री छताकडे बघत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी तरीही गोष्टीचा नायक असतो. मुलांना तो आपला वाटतो याचे आश्चर्य नाही. आश्चर्य याचे वाटावे की वाहिन्यांच्या जाहिरातींत या आपलेपणाचा मागमूसही नसतो. तिथे फक्त टिफिन आणि बिस्किटे दिसतात.

पालकांचा प्रतिसाद बहुतेक तक्रारीचा. मुले आळशी होतात, आयते मागायला शिकतात, उलट उत्तरे देतात, मारामारी शिकतात. यातल्या काही तक्रारींत तथ्य आहे. जियानची दांडगाई मालिकेत विनोद म्हणून खपते आणि शिझुकाच्या न्हाणीघराचे प्रसंग कोणत्याही काळात अनावश्यकच होते. आयते मागण्याची तक्रार मात्र मालिका पूर्ण न पाहिल्यामुळे होते. पाठांतराच्या पावाची गोष्ट घ्यावी. या पावाचा काप पुस्तकाच्या पानावर दाबून खाल्ला की पान पाठ होते. नोबिता परीक्षेच्या आदल्या दिवशी काप खातच सुटतो, त्यावर जेवणही चापतो, पोट बिघडते, आणि पाठ झालेले सगळे शौचालयात वाहून जाते. आयत्या यशाची याहून नेमकी टर उडवणारी गोष्ट एखाद्या शिकवणीच्या दारावर लावायला हरकत नाही. पण आई-बाबा, आजी-आजोबा ही गोष्ट मुलासोबत बसून पाहत नाहीत. आणि ते न बसण्याच्या कारणांत भाषा हे एक मोठे कारण आहे.

भाषेवरून शेजारी देशांत काय घडले ते वाहिन्यांना ठाऊक असेलच. बांगलादेश सरकारने २०१३च्या फेब्रुवारीत हिंदी डोरेमॉनचे प्रसारण बंद केले, कारण मुले बांगला सोडून हिंदी बोलू लागली अशी तक्रार होती. पुढे तिथे तीच मालिका बांगला आवाजात दाखवली गेली. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांताच्या विधानसभेत २०१६च्या ऑगस्टमध्ये डोरेमॉनवर बंदी मागणारा ठराव आला, त्यातही हिंदी भाषेचा मुद्दा होता. दोन्हीकडे तक्रार यंत्रमांजराबद्दल कमी आणि त्याच्या तोंडातल्या भाषेबद्दल जास्त होती. बंदी हा उपाय नव्हे, आणि हे पत्र बंदी मागत नाही. पण बांगलादेशातला दुसरा निर्णय विचार करण्याजोगा आहे: मुलांच्या आवडीवर घाला न घालता आवाज बदलला गेला.

मराठी घरांत ही तक्रार इतक्या जोराने कधी उठली नाही. त्याला या भागाचा इतिहासही कारण आहे. देवणीचा परिसर हैदराबाद संस्थानात होता. उदगीर तालुका १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत होता. सरकारदरबारी उर्दू, बाजारात दखनी, घरात मराठी, शिवेपलीकडच्या सोयऱ्यांशी कानडी, अशी चार भाषांची ये-जा इथे पिढ्यान् पिढ्या आहे. देवणी जातीच्या बैलाचा सौदा होताना एका वाक्यात तीन भाषा ऐकू येतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. तेव्हा हे पत्र हिंदीविरुद्ध नाही. इथल्या म्हाताऱ्या माणसांना ‘नक्को’ आणि ‘हौ’ची दखनी कळते, दूरचित्रवाणीवरची घाईची, शहरी, ठसकेबाज हिंदी मात्र त्यांच्या कानावरून जाते. नातू हसतो तेव्हा आजी त्याच्या तोंडाकडे बघून हसते. डोरेमॉनने काय केले हे तिला मागाहून नातवाने मराठीत सांगायचे, आणि तोवर दुसरी गोष्ट सुरू झालेली असते.

महाराष्ट्र शासनाने २०२५च्या १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये तो सुधारला आणि २९ जूनला मागे घेतला. त्या अडीच महिन्यांत राज्यभर रान पेटले, मोर्चांची तयारी झाली, अग्रलेख आले. सहा वर्षांच्या मुलाला हिंदी झेपेल का, यावर दोन्ही बाजूंनी आवेशाने बोलले गेले. ती मुले पहिलीत येण्याआधीच घरी दोन-तीन वर्षे रोज हिंदी ऐकून, बोलून, तिच्यात भांडून आलेली असतात, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. शाळेतल्या हिंदीवर निर्णय झाला; घरातल्या हिंदीचा निर्णय वाहिन्यांनी पूर्वीच, कोणालाही न विचारता घेऊन टाकलेला होता.

तो कसा घेतला गेला, याचे मूळ प्रेक्षक मोजण्याच्या पद्धतीत आहे. दूरचित्रवाणीचे प्रेक्षक मोजणारी बार्क ही संस्था २०१५पासून आकडे देते. निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून हे आकडे निघतात, मुलांचा गट २ ते १४ वयाचा धरला जातो, आणि देशाची वाटणी बाजारपेठांत केली जाते. या धंद्यात ‘हिंदी स्पीकिंग मार्केट’ म्हणजे हिंदी भाषक बाजारपेठ असा एक मोठा गट रूढ आहे. दक्षिणेतली राज्ये वगळून जवळजवळ उरलेला सगळा देश त्यात येतो. महाराष्ट्रही येतो. म्हणजे देवणीतले मूल जाहिरातदाराच्या कागदावर हिंदी भाषक असते, आणि तालुक्याची हद्द ओलांडून कर्नाटकातल्या भालकी किंवा औरादला गेले की तिथले मूल, घरी मराठी बोलत असले तरी, कर्नाटकच्या बाजारपेठेतले होते. सीमाभागातल्या मराठी माणसाने आयुष्यभर अर्ज-विनंत्या करून जे पदरात पाडून घेतले नाही, ते कन्नड मुलाला एका वर्गीकरणाने आपोआप मिळाले: स्वतःच्या भाषेतला प्रेक्षक म्हणून मोजले जाणे.

या मोजण्याचे परिणाम पडद्यावर दिसतात. सन समूहाने तमिळ मुलांसाठी चुट्टी टीव्ही २००७मध्ये, तेलुगू मुलांसाठी खुशी टीव्ही आणि कन्नड मुलांसाठी चिंटू टीव्ही २००९मध्ये, मलयाळम मुलांसाठी कोचू टीव्ही २०११मध्ये सुरू केला. डोरेमॉनसुद्धा तमिळ आणि तेलुगूत बोलला. २०११च्या जनगणनेत मातृभाषा म्हणून मराठी नोंदवणारे ८.३० कोटी होते, तमिळ ६.९० कोटी, कन्नड ४.३७ कोटी, मलयाळम ३.४८ कोटी. लोकसंख्येने पाहिले तर मराठीला डावलण्याला काही आधार नाही. आधार एकच, मराठी मुलाला हिंदी समजते हा. समजते, हे खरेच. पण समजते म्हणून दुसरे काही द्यायचे नाही, हा न्याय कोणत्याही दुकानदाराने गिऱ्हाइकाला लावला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. इथे दुसरे दुकानच नव्हते, आणि जी एक-दोन उघडली त्यांच्यात हा माल नव्हता. रामोजी समूहाची ‘ईटीव्ही बाल भारत’ २०२१च्या एप्रिलमध्ये मराठीसह बारा भाषांत सुरू झाली, त्यामुळे मराठी ध्वनिपट अशक्य नाही एवढे तरी सिद्ध झाले.

गंमत अशी की हिंदी डबिंगचा बहुतेक धंदा मुंबईत चालतो. पुण्यातल्या स्टुडिओत भारतीय कार्टून मालिका तयार होतात. म्हणजे महाराष्ट्रात बसून, महाराष्ट्रातल्या विजेवर, महाराष्ट्रातल्या मुलांसाठी हिंदी आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि तो उपग्रहावरून देवणीला येतो. त्या स्टुडिओंमधल्या कलाकारांत मराठी माणसे कमी नाहीत. मराठी रंगभूमीवर बालनाट्याचे आवाज तयार करणाऱ्या पिढ्या आहेत. हे सगळे हाताशी असताना मराठी आवाजाला लागते ती फक्त एक मंजुरी.

खर्चाची सबब नेहमी पुढे येते. तिचा हिशोब फार अवघड नाही. डबिंग करताना चित्र तसेच राहते. संगीत आणि ध्वनिपरिणामांची पट्टी वेगळी मिळते, ती तशीच वापरायची. बदलायचा तो बोलण्याचा थर. जपानी कार्टूनमध्ये तोंडाच्या हालचाली थोड्याच ठरावीक आकारांत काढलेल्या असतात, त्यामुळे ओठांशी संवाद जुळवणे माणसांच्या चित्रपटापेक्षा सोपे जाते. हिंदी संहिता तयार आहे, तमिळ आणि तेलुगूचा अनुभव गाठीशी आहे. वाहिनी एकच ठेवून ध्वनिपट अनेक देण्याची सोय डीटीएचवर पूर्वीपासून आहे. रिमोटवर भाषा निवडण्याच्या यादीत एक नाव वाढवायचे. ते वाढले तर हिंदी ऐकणाऱ्याचे काही जात नाही.

मराठी ध्वनिपट करताना तो शब्दकोशातल्या मराठीत होऊ नये, ही या पत्राची दुसरी विनंती. मुलांच्या तोंडी ‘मी तुझा ऋणी आहे’ अशी वाक्ये घातली की मुले पुन्हा हिंदीचे बटण दाबतील, आणि मग ‘मराठीला प्रेक्षकच नाही’ असा अहवाल तयार होईल. तसेच सगळ्या पात्रांनी सदाशिव पेठेतले बोलायचे कारण नाही. जियानने ‘काय करलालास रं?’ म्हटले तर लातूर, उदगीर, देवणीत टाळ्या पडतील आणि पुण्याच्या मुलांनाही ते चौथ्या खेपेला कळेल. त्यासाठी मुलांसाठी लिहिणारे लेखक बोलवावेत. मराठीत विज्ञानकथेची परंपरा मोठी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धा १९७०पासूनच्या. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा १९७४मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने त्याच स्पर्धेला पाठवली आणि ती पहिली आली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला आणि फास्टर फेणेच्या तोंडी जी मराठी घातली तिच्यात अजून शिळेपणा आलेला नाही. काळप्रवास, यंत्रमानव, लहान करणारा दिवा यांच्यासाठी मराठीला शब्द उसने मागायला जावे लागणार नाही. आणि जिथे ‘गॅजेट’च रुळला आहे तिथे तो तसाच राहू द्यावा.

आवाज देणाऱ्यांची नावे दाखवावीत. जपानमध्ये १९७९ ते २००५ डोरेमॉनचा आवाज नोबुयो ओयामा यांचा होता. २००५मध्ये तो वासाबी मिझुता यांच्याकडे गेला तेव्हा जुन्या प्रेक्षकांना नवा आवाज पचायला वेळ लागला. ओयामा २०२४च्या सप्टेंबरमध्ये नव्वदाव्या वर्षी वारल्या, तेव्हा बातमी जगभर गेली. हिंदीतल्या डोरेमॉनचा आवाज सोनल कौशल यांचा. तो लाखो भारतीय मुलांनी हजारो तास ऐकला आहे, आणि तरी बहुतेक मुलांना तो आवाज माणसाचा आहे, बाईचा आहे, हेही माहीत नसते. शेवटची नावे पुढच्या जाहिरातीसाठी अनेकदा कापली जातात. पाच सेकंदांचा तो वेळ कलाकारांना परत द्यावा.

भागांच्या क्रमाबद्दलही काही करता येण्यासारखे आहे. २००५नंतरची कित्येक वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाची होती. गोष्टीच्या ऐन मध्यात वीज जायची आणि शेवट दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी इन्व्हर्टर होता त्याच्याकडून ऐकावा लागायचा. त्या पिढीला अर्धे भाग माहीत आहेत, अर्धे ऐकीव. आता वीज बरी असते, पण क्रमाचा गोंधळ कायम आहे. जुन्या मालिकेतला भाग, मग नव्यातला, मग पुन्हा गेल्या आठवड्यातला, असे वाटेल तसे लावले जाते. भाग कोणत्या वर्षाचा, नवा की जुना, एवढी पाटी सुरुवातीला आली तरी पुरे. आणि एखाद्या मालिकेचे हक्क संपणार असतील, ती बंद होणार असेल किंवा दुसऱ्या वाहिनीवर जाणार असेल, तर तसे सांगून जावे. न सांगता गायब झालेल्या मालिकेचीच अफवा होते, आणि मग नोबिता पुन्हा दवाखान्यात दाखल होतो.

चाहत्यांचे म्हणणे ऐकले की काय होते, याचे उदाहरण भारतातच आहे. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा जपानी ॲनिमेशनपट २०१९च्या ऑक्टोबरमध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तो पन्नास हजारांहून अधिक चाहत्यांनी सह्या करून मागणी केल्यामुळे. शिंकाई स्वतः त्यासाठी भारतात आले. त्या सह्या करणारे बहुतेक मोठे होते, त्यांच्याकडे इंग्रजी होती आणि आपले म्हणणे कुठे पोचवायचे हे त्यांना कळत होते. दुसरीतल्या मुलाकडे यांपैकी काहीच नसते. त्याच्या घरी बार्कचे यंत्रही बसवलेले नसते. त्याने कोणाला सांगायचे?

यासाठी प्रत्येक वाहिनीने एक पोस्टाचा पत्ता मराठीत पडद्यावर दाखवावा आणि त्या पत्त्यावर आलेल्या पत्रांना मराठीत उत्तर द्यावे. पत्रे वाचायला मराठी जाणणारा एक माणूस लागेल. मुंबईत तो मिळायला अडचण पडू नये. मुले चित्रे काढून पाठवतील, नव्या गॅजेटच्या कल्पना सुचवतील, शेवट लिहून पाठवतील, आणि काही जण शिझुकाच्या प्रसंगांबद्दल नाकही मुरडतील. त्यातले निवडक वाहिनीवर दाखवावे. पत्ता दाखवण्याची वेळ संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान असावी, शाळा सुटून मुले घरी आलेली असतात तेव्हा, आणि तो पडद्यावर इतका वेळ राहावा की दुसरीतल्या मुलाला पेन्सिलीने उतरवून घेता येईल.



आपला,
देवणी (जि. लातूर) येथील एक प्रेक्षक